पिवळ्या छातीचा ग्रीनफिंच बघायचाय? पक्षी नका शोधू, बी शोधा

डिसेंबरात उत्तराखंडातल्या, नैनितालच्या पायथ्याच्या काठगोदाम स्टेशनला सकाळी उतरलं की प्लॅटफॉर्मवर दुर्बिणी गळ्यात अडकवलेला एखादा तरी ग्रुप मराठीत बोलताना ऐकू येतोच. पुण्या-मुंबईचे, नाशिकचे, नागपूरचे लोक, सगळ्यांच्या लिस्टवर चीर फेझंट, कोकलास, फोर्कटेल, वॉलक्रीपर. छान पक्षी आहेत, बघाच. पण परत येताना बरेच जण म्हणतात की फिंच, म्हणजे जाड चोचीचे, बी खाणारे छोटे पक्षी, काही नीट बघता आले नाहीत, उडत गेले, झाडाच्या शेंड्यावर काळे ठिपके दिसले, फोटोत नुसती सावली आली. म्हणून हे लिहितोय, आणि सगळ्या फिंचबद्दल न लिहिता एकाच पक्ष्याबद्दल लिहितोय, कारण तो एक नीट जमला की बाकीचे आपोआप जमतात. तो म्हणजे यलो-ब्रेस्टेड ग्रीनफिंच, काही पुस्तकांत हिमालयन ग्रीनफिंच असंही नाव सापडेल. शास्त्रीय नाव क्लोरिस स्पिनॉइडिस, जुन्या पुस्तकांत कार्डुएलिस स्पिनॉइडिस लिहिलेलं असतं, पक्षी तोच.

आधी तो कसा दिसतो ते. आकाराने चिमणीएवढा, साधारण १४ सेंमी. नराची पाठ गडद, काळपट ऑलिव्ह. पोट, छाती, गळा सगळं स्वच्छ पिवळं, हळदीसारखं नाही, त्याहून जरा लिंबाकडे झुकणारं. डोक्यावर काळपट टोपी, डोळ्यावर पिवळी भुवई, गालावर काळपट डाग आणि त्याच्या मागून मानेकडे पिवळा पट्टा येतो, त्यामुळे समोरून बघितलं तर चेहऱ्यावर काळ्या-पिवळ्या रंगाची नक्षी काढल्यासारखी वाटते. पंखावर मोठा पिवळा पट्टा. शेपटीच्या कडा पण पिवळ्या आणि टोकाला खाच. मादी अशीच पण फिकी, आणि पिल्लं तर मळकट पिवळी, अंगभर रेघा रेघा. चोच फिकट गुलाबीसर, जाड, शंकूसारखी. बाकी काहीच दिसलं नाही तरी दोन गोष्टी लक्षात ठेवा, पंखावरचा पिवळा पट्टा आणि खाच असलेली शेपटी, कारण पिल्लू असो मादी असो नर असो, पंखावरचं पिवळं कुणाचंच चुकत नाही.

आता मुद्द्याचं. आपण सह्याद्रीत पक्षी बघायला शिकतो तेव्हा सवय लागते चालत राहायची. पायवाटेने हळूहळू चालायचं, आवाज आला की थांबायचं, बघायचं, पुढे जायचं. हा पॅटर्न वटवट्यांसाठी आणि माशीमारांसाठी ठीक आहे कारण ते किडे खातात आणि किडे सगळीकडे असतात, पक्षी पण जंगलभर विखुरलेला असतो. फिंच तसा नाहीये. तो बी खातो, आणि बी सगळीकडे नसतं, एका जागी खच्चून असतं आणि शेजारच्या शंभर मीटरमध्ये काहीच नसतं. त्यामुळे फिंच पण एका जागी तीस असतात आणि बाकी अख्ख्या डोंगरावर शून्य. तुम्ही दिवसभर चाललात तर त्या शून्यातूनच चालत राहाल आणि मधे कधीतरी डोक्यावरून एक थवा चिवचिवत निघून जाईल, तेवढंच.

मला हे कळलं ते एका होमस्टेमधे, नैनितालजवळच्या पंगोटच्या बाजूला. तीन दिवस रोज सकाळी सहा-सात किलोमीटर चाललो, ग्रीनफिंच एकदा दिसला, तो पण उडताना. चौथ्या दिवशी पाय दुखत होते म्हणून अंगणात चहा घेत बसलो होतो. तिथे भिंतीला लागून सूर्यफुलं होती, मोठी, वाळून काळी पडलेली, मान खाली घातलेली. ती काढत का नाहीत असं मी घरातल्या आमांना, म्हणजे आजींना, विचारलं तर म्हणाल्या, चिड़िया के लिए छोड़ रखे हैं बेटा. आणि खरंच, ऊन भिंतीवर आलं तसे एक-एक करत अकरा ग्रीनफिंच आले. चार मीटरवर. दुर्बीण लागली नाही.

त्यातला एक नर सूर्यफुलाच्या कडेला उलटा लटकून बसला होता. डोकं खाली, पाय वर. चोचीने एक बी उपटलं, मग सरळ होऊन बसला आणि ते बी चोचीच्या कडेला घेतलं. यांच्या वरच्या चोचीला आतून खोबणी असते, बी त्या खोबणीत बसतं, खालच्या चोचीची धार त्यावर दाबते आणि जीभ ते बी फिरवत राहते. बाहेरून एवढंच दिसतं की चोच भराभर हलतेय, चावल्यासारखी, आणि मग टरफलाचे दोन तुकडे चोचीच्या दोन बाजूंनी बाहेर पडतात. पडताना एक तुकडा त्याच्या छातीवरच्या पिसांना चिकटून राहिला होता, काळा, पिवळ्यावर, आणि तो तसाच पुढचं बी उपटायला वळला. खाली जमिनीवर टरफलांचा थर झाला होता. तिथे बसून मला समजलं की मी तीन दिवस चुकीची गोष्ट शोधत होतो.

तर पहिलं काम, पोचल्यावर पक्ष्याच्या मागे लागू नका, गावात एक चक्कर मारा आणि बी कुठे आहे ते बघा. हिवाळ्यात, म्हणजे साधारण नोव्हेंबर ते मार्च, हे पक्षी वरून खाली उतरलेले असतात, थव्याने फिरतात, आणि गावाच्या आसपास, शेताच्या कडेला, उघड्या जंगलात सापडतात. शोधायच्या गोष्टी अशा: परसातली सूर्यफुलं, वाळलेली. भांग, ती कुमाऊं-गढवालमधे घराघराच्या मागे आपोआप उगवलेली असते, तिथले लोक तिच्या बियांची चटणी करतात, आणि ग्रीनफिंचला भांगेचं बी फार आवडतं. थिसल, म्हणजे ते जांभळ्या फुलांचं काटेरी झुडूप जे आपल्या उटकटाऱ्याच्या नात्यातलं आहे, त्याचं फूल वाळलं की पांढरा कापूस बाहेर येतो आणि बी उडायला लागतं, लहानपणी आपण रुईची म्हातारी पकडायचो ना, अगदी तसं. एखाद्या थिसलच्या झुडपाभोवती हवा नसताना म्हाताऱ्या उडताना दिसल्या तर तिथे कुणीतरी बसून बी काढतंय हे नक्की, दुर्बीण लावा. डँडेलियनची पिवळी फुलं असलेली गवताची पट्टी पण बघा. राजगिऱ्याची शेतं, तिकडे त्याला चौलाई किंवा रामदाना म्हणतात, कापणी झाल्यावर तिथे बारीक बी सांडलेलं असतं आणि फिंच नाही तर निदान बंटिंग (हे पण बी खाणारे छोटे पक्षी) तरी उतरलेले असतात, त्यांच्यात फिंच मिसळलेले असू शकतात.

दुसरी गोष्ट पाणी. किडे खाणाऱ्या पक्ष्याला किड्यातून ओल मिळते, बी मात्र कोरडं असतं, त्यामुळे बी खाणाऱ्या पक्ष्याला रोज पाणी प्यावंच लागतं आणि दिवसातून बरेचदा लागतं. पहाडात प्रत्येक गावाला धारा असते, डोंगरातून येणारं पाणी दगडाच्या किंवा पाइपाच्या तोंडातून पडतं, कुमाऊंत दगडी बांधणीचे जुने नौले, म्हणजे झऱ्यावर बांधलेली पाण्याची कुंडं, पण असतात. बायका पाणी भरून गेल्या की खाली साचलेल्या डबक्यावर पक्षी येतात. दहा-अकराच्या सुमारास, ऊन चढलं की, अशा जागेपासून पंधरा-वीस मीटर लांब बसा. गावातल्या लोकांना आधी विचारा, कारण ती त्यांची पाण्याची जागा आहे, आणि नौल्याच्या आत कॅमेरा घेऊन वाकून बघायला जाऊ नका, बरेच ठिकाणी तिथे देव मानतात. दीदी, दाज्यू (म्हणजे दादा) म्हणून हाक मारून विचारलं की कुणीच नाही म्हणत नाही, उलट कुठे जास्त येतात ते पण सांगतात. पाण्यासारखंच बारीक खडी, वाळू पण त्यांना लागते, पोटातल्या पेषणीत बी दळायला, म्हणून सकाळी रस्त्याच्या कडेला खडीवर टिपत बसलेले फिंच दिसतात. गाडीतून जात असाल तर वळणावर हळू चालवायला सांगा, ड्रायव्हरला कारण पण सांगा, म्हणजे तो स्वतःच थांबवायला लागतो.

तिसरी गोष्ट झाडाचा शेंडा. पहाटे ऊन सगळ्यात आधी शेंड्यावर पडतं आणि रात्रभर गारठलेले ग्रीनफिंच तिथे येऊन बसतात, देवदाराच्या, चिडाच्या (पाइनच्या), नाही तर निष्पर्ण अक्रोडाच्या सगळ्यात वरच्या काडीवर. विजेच्या तारेवर पण बसतात. म्हणून सूर्योदयाच्या वेळी दरीत खाली असू नका, उतारावर मधे कुठेतरी असा की समोरच्या झाडांचे शेंडे तुमच्या डोळ्याच्या लेव्हलला येतील. याचा दुहेरी फायदा, मान दुखत नाही आणि पक्ष्याच्या मागे आकाश न येता समोरचा डोंगर येतो, त्यामुळे रंग दिसतात. खालून वर बघितलं तर आकाशापुढे तो नुसता काळा दिसणार आणि पिवळं काहीच कळणार नाही. फोटो काढणाऱ्यांनी तसा अँगल मिळालाच नाही तर एक्स्पोजर एक स्टॉपने वाढवा, आकाश जळेल, जळू दे, पक्षी दिसेल.

आवाज ओळखायला शिका, कारण निम्म्या वेळा थवा आधी ऐकू येतो. उडताना बारीक, भराभर टिटिटिटिट असं चिवचिवतात, आणि बसल्यावर मधेच नाकातून काढल्यासारखा लांब झ्वीईईई असा आवाज येतो, जरा ओढलेला, किरकिरा. हा झ्वीई एकदा कानात बसला की विसरत नाही. उड्डाण पण लाटेसारखं, चार-पाचदा पंख मारायचे, मग पंख मिटून खाली जायचं, परत पंख मारून वर. आवाजावरून पक्षी ओळखणारं मर्लिन ॲप वापरत असाल तर भारताचा पॅक घरूनच वायफायवर डाऊनलोड करून ठेवा, पहाडात नेटवर्कच्या भरवशावर राहू नका, आणि ॲपने नाव दाखवलं म्हणून लगेच लिस्टमधे टाकू नका, पक्षी बघा. ॲपचा उपयोग कान कुठे वळवायचा ते कळण्यापुरता.

गोंधळ कुठे होतो ते सांगतो. पिंक-ब्राउड रोझफिंचची मादी त्याच शेतात, त्याच झुडपात असते, तपकिरी, रेघांची, रुंद फिकट भुवई, आणि ग्रीनफिंचच्या पिल्लाला पण रेघा असतात म्हणून लोक दोन्ही एकच समजतात. पंख बघा, रोझफिंचच्या पंखात पिवळं कुठेच नाही. फायर-फ्रंटेड सेरिन हा अजून छोटा, काळपट डोकं आणि कपाळावर शेंदरी-लाल टिळा, तो जास्त करून उघड्या, कोरड्या भागातला, लडाख-स्पितीकडे सहज दिसतो, हिवाळ्यात उत्तराखंडातही खाली येतो. ब्लॅक-अँड-यलो ग्रोसबीक नावाने आणि रंगाने फसवतो पण तो मैनेएवढा मोठा आहे, चोच तर भलतीच जाड, नीट बघितलं तर चुकायचं कारण नाही. सिक्कीम-भूतानकडे गेलात तर मात्र सावध, तिथे तिबेटन सेरिन असतो, त्याला तिबेटन सिस्किन असंही म्हणतात, तो पण पिवळा-हिरवा, थव्याने फिरणारा, आणि आपल्या ग्रीनफिंचच्या नावातला स्पिनॉइडिस म्हणजेच 'सिस्किनसारखा', तेव्हा साम्य नाव ठेवणाऱ्यालाही जाणवलं होतं. तिबेटन सेरिन आकाराने लहान, एकसारखा हिरवट, आणि पंखावर तो ठळक पिवळा पट्टा नसतो. परत तेच, पंख बघा.

कुठे जायचं हा प्रश्न सगळेच विचारतात. नैनितालच्या भोवती पंगोट, मुक्तेश्वर, अल्मोड्याकडे बिनसर, आणि पिथौरागढ जिल्ह्यात मुनस्यारी हे पट्टे चांगले. नैनिताल काठगोदामपासून साधारण ३५ किमी, पंगोट तिथून पुढे १५ किमी. मुक्तेश्वर साधारण २२०० मीटर उंचीवर आहे आणि तिथल्या फळबागा, परसबागा बघता मला तरी फिंचसाठी ते सगळ्यात आवडतं. गढवालमधे चोपता, साधारण २७०० मीटर, तिथून तुंगनाथ ३६८० मीटर, चढ सुमारे चार किलोमीटरचा. हिमाचलात शिमला, मनालीच्या बाजूला पण आहे, आणि पुढे नेपाळ, सिक्कीम, भूतान, ईशान्येच्या डोंगरांपर्यंत हा पक्षी पसरलाय. म्हणजे दुर्मिळ अजिबात नाही. तरी लोकांना नीट बघायला मिळत नाही, याचं कारण वर सांगितलं तेच.

एप्रिल-मे मधे गेलात तर हिशोब बदलतो. थवे फुटतात, जोड्या होतात आणि पक्षी वर सरकतात, देवदाराच्या, खरसूच्या (पहाडी ओकच्या) जंगलाच्या कडेला, बुग्याळाच्या, म्हणजे उंचावरच्या कुरणाच्या, खालच्या बाजूला. चोपत्याच्या आसपास बुरांश, म्हणजे ऱ्होडोडेंड्रॉन, फुललेला असतो आणि सगळ्यांच्या नजरा तिकडे असतात, तुम्ही जंगल आणि कुरण जिथे भेटतं ती रेषा धरा, मधोमध दाट जंगलात शिरू नका. तिथल्या उंचीवर पहिल्या दिवशी धावपळ नको, डोकं दुखायला लागलं, मळमळलं तर हट्ट न करता खाली या, पाणी प्या, पक्षी दुसऱ्या दिवशी पण तिथेच असतात.

एक गोष्ट मला या पक्ष्याची फार आवडते, ती म्हणजे तो घरटं उशिरा करतो. बहुतेक पहाडी पक्षी एप्रिल-मे-जूनमधे पिल्लं काढतात कारण तेव्हा अळ्या आणि किडे मुबलक. हा जुलैत सुरू करतो आणि सप्टेंबरपर्यंत चालवतो, भर पावसात. का, तर याच्या पिल्लांना पण मुख्यतः बीच भरवलं जातं, आई-बाप बी खाऊन आपल्या गळ्यातल्या पिशवीत मऊ करतात आणि तो लगदा पिल्लाच्या तोंडात काढतात, किडे थोडेच. आणि गवताचं, थिसलचं बी तयार होतं पावसाळ्याच्या उत्तरार्धात. म्हणजे त्याचं सगळं वर्ष बियांच्या वेळापत्रकावर बांधलेलं आहे. त्याचा पिवळा रंग सुद्धा खाण्यातूनच येतो, कॅरोटिनॉइड नावाचं द्रव्य पक्ष्याचं शरीर स्वतः बनवू शकत नाही, ते अन्नातूनच घ्यावं लागतं, तेव्हा तुम्ही जे पिवळं बघता ते कुठल्या तरी रोपातून आलेलं आहे. घरटं छोटं, वाटीसारखं, शेवाळ, गवत, बारीक मुळ्या, सूचिपर्णी झाडाच्या फांदीवर उंच. जुलै-ऑगस्टमधे घरटं बघायला म्हणून जाऊ नका असं मी स्पष्ट सांगेन. त्या दिवसांत उत्तराखंडात दरडी कोसळतात, रस्ते तासन् तास बंद, आणि घरट्याजवळ माणूस उभा राहिला की कावळ्यांचं आणि मॅगपायचं तिकडे लक्ष जातं. दोघांच्याही जीवावर येणारी गोष्ट आहे.

साहित्य फार लागत नाही. ८ × ४२ ची दुर्बीण पुरे, १० × च्या मागे लागू नका, थंडीत हात थरथरतात आणि चित्र हलतं. फोटोला ४०० मिमी लेन्स असली तर उत्तम, ३०० ने पण अंगणात सुंदर फोटो येतात. जास्तीची बॅटरी आतल्या खिशात, अंगाजवळ ठेवा, गारठ्यात ती फार लवकर उतरते. आणि बाहेरून गरम खोलीत आलात की दुर्बीण-कॅमेरा बॅगेतून लगेच काढू नका, बॅग बंद ठेवून हळूहळू खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर काचेवर आतून बाहेरून दव धरतं. कपडे थरांमधे, भडक रंग टाळा, आणि बसायला एक छोटी फोमची चटई घ्या. ही चटई माझ्या मते लेन्सपेक्षा महत्त्वाची, कारण गार दगडावर माणूस दहा मिनिटं बसतो आणि चटईवर दोन तास बसतो, आणि फिंच दुसऱ्या तासात येतात.

बसायचं कसं तेही सांगतो. बियांची जागा सापडली की सूर्य पाठीमागे घ्या, पंधरा-वीस मीटरवर बसा, मागे झुडूप किंवा भिंत असेल अशी जागा निवडा म्हणजे तुमची आकृती उठून दिसणार नाही. पहिला थवा बहुतेक वेळा जवळच्या झाडावर येऊन थांबतो, तिथून खाली बघत राहतो. हा क्षण महत्त्वाचा. इथे लोक दुर्बीण झटकन वर करतात, शेजाऱ्याला खांद्यावर मारून दाखवतात, आणि थवा उडतो. काहीच करू नका. एखादा पक्षी खाली येतो, तो खायला लागला की दोन मिनिटांत बाकीचे उतरतात. एकदा खायला लागले की मग हळूहळू हात हलवलेले चालतात. आणि सगळे एकदम उडाले, कसलाही आवाज न करता गपकन झुडपात शिरले, तर वर बघा, शिक्रा किंवा दुसरा कुठला तरी शिकारी आलेला असतो. वीसेक मिनिटं थांबा, परत येतात.

कॉल वाजवू नका. मोबाईलवर आवाज वाजवून पक्षी जवळ बोलवायची पद्धत आता इतकी झालीये की काही गाईड दिवसभर स्पीकर हातात धरूनच फिरतात. माझ्याबरोबर एका ट्रिपला हे झालं, गाईडने एकाच जोडीसमोर वीस मिनिटं आवाज चालू ठेवला, नर इकडून तिकडे उडत राहिला, मादी दिसेनाशी झाली, आणि आम्ही सात-आठ जण फोटो काढत होतो, मी पण. तो फोटो मी कुणाला दाखवत नाही. तेव्हापासून गाईड ठरवतानाच फोनवर स्पष्ट सांगतो की भैया, प्लेबॅक नहीं चाहिए, कम दिखेगा तो चलेगा. चांगले गाईड हे ऐकून खूष होतात. ग्रीनफिंचसारख्या पक्ष्याला तर त्याची गरजच नाही, तो बियांसाठी स्वतःहून येतो. दाणे टाकून बोलवायचं की नाही यावर मतं वेगळी आहेत, होमस्टेवाले वर्षभर घालत असतील तर तो त्यांच्या अंगणाचा भाग झालेला असतो, पण आपण दोन दिवस जाऊन मूठभर दाणे फेकून निघून यायचं हे मला पटत नाही. त्यापेक्षा ज्यांनी सूर्यफुलं पक्ष्यांसाठी उभी ठेवलीत त्यांच्या घरी राहा, त्यांना सांगा की याच्यासाठीच आलोय. पुढच्या वर्षी शेजारी पण ठेवतात.

आणि हे पण सांगायलाच हवं, पिंजऱ्यात फिंच पाळायची, विकायची जुनी सवय आपल्याकडे आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा, त्याखाली आपले रानातले फिंच पकडणं, विकणं, बाळगणं गुन्हा आहे. बाजारात जे झेब्रा फिंच मिळतात ते ऑस्ट्रेलियातल्या जातीचे, पिंजऱ्यात पैदास केलेले, त्यांचा याच्याशी संबंध नाही. एखाद्या बाजारात पिवळा-काळा जंगली फिंच पिंजऱ्यात दिसला तर दया येऊन विकत घेऊन सोडून देऊ नका, कारण ती विक्रीच झाली, विकणारा उद्या अजून चार आणतो. वनविभागाला कळवा.

तिकडे जायच्या आधी घरी सराव करता येतो आणि तो नक्की करा. कॉमन रोझफिंच हिवाळ्यात महाराष्ट्रात येतो, सह्याद्रीत, ज्वारीच्या शेतांकडे, झुडपी रानात, तो खराखुरा फिंच आहे आणि हिमालयातूनच, त्याच्याही उत्तरेकडून आपल्याकडे उतरतो. नर गुलाबी-लाल, मादी तपकिरी रेघांची. तो नाही मिळाला तर ठिपकेवाल्या मनोल्या तर शहरातल्या मोकळ्या प्लॉटवर सुद्धा गवताला लटकलेल्या असतात. मनोली फिंचच्या कुळातली नाही पण बी खायची पद्धत, थव्याने उतरणं, एक खाली आला की बाकीचे येणं, सगळं तसंच आहे. एखाद्या रविवारी अशा प्लॉटसमोर चटई टाकून दोन तास बसा, चालू नका, आणि कुठल्या गवताचं बी खातायत ते वहीत लिहा. गवताचं नाव माहीत नसेल तर फोटो काढून ठेवा.

तिकडे ग्रीनफिंच दिसला की ईबर्डवर, म्हणजे पक्षीनोंदींच्या वेबसाइटवर, नोंद करताना पण हेच करा. नुसता आकडा नका टाकू, कॉमेंटमधे लिहा की किती होते, त्यात रेघांची पिल्लं किती, उंची काय होती आणि मुख्य म्हणजे काय खात होते, सूर्यफूल की भांग की थिसल. तुमच्यानंतर त्या गावात जाणाऱ्याला पक्ष्याच्या नावापेक्षा त्या झाडाचं नाव जास्त कामाला येतं. मी पंगोटच्या नोंदीत लिहिलं होतं, ११ पक्षी, वाळलेली सूर्यफुलं, घराची पूर्वेकडची भिंत, ऊन पावणेआठला येतं.